पत्रकातल्या ‘सर्व महिला’ म्हणजे नेमक्या कोण?

आज आपण एका कागदाविषयी बोलणार आहोत. सातबारा नव्हे, कर्जाचा अर्जही नव्हे. साधं पत्रक. दूध डेअरीच्या भिंतीवर, पिठाच्या गिरणीच्या दारावर, रेशन दुकानाच्या फळीवर चिकटवलेलं असतं ते. कार्यक्रम जवळ आला की आपल्या गटाला, ग्रामसंघाला ते काढावंच लागतं. मग आपण डीटीपीच्या दुकानात जातो, “मागच्या वर्षीचंच काढ, फक्त तारीख बदल” असं सांगतो आणि दोनशे-तीनशे प्रती घेऊन घरी येतो. आम्हीही वर्षानुवर्षं असंच करत होतो. एका संक्रांतीला मात्र आमच्याच पत्रकानं आम्हाला तोंडघशी पाडलं. ती गोष्ट आधी सांगतो, मग पावणेदोनशे वर्षं मागं जाऊ.

त्या वर्षी ग्रामसंघानं हळदीकुंकू ठरवलं. नुसतं वाण लुटून घरी जायचं नाही, काही कामाचंही करायचं, असं आमचं ठरलं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे अर्ज त्याच दिवशी, त्याच जागी भरून द्यायचे. अर्ज भरायला मदत करणारा जाणकार माणूस आम्ही बोलावला. पत्रक काढलं. गुलाबी कागद, कडेनं वेलबुट्टी, वर ‘भव्य हळदीकुंकू समारंभ’, खाली अकरा पाहुण्यांची नावं, त्याखाली ‘सर्व महिलांनी अगत्य येण्याचे करावे’. तारीख आणि वेळ अगदी तळाला, बारीक अक्षरात. अर्जाचा उल्लेख त्याहून बारीक. वेळ दुपारी दोनची. दिवस कांद्याच्या लागणीचे!

कार्यक्रमाला गर्दी बरी झाली. फोटोही छान आले. पण अर्ज भरायला बसलेला माणूस तास-दीड तास नुसता बसून राहिला आणि चहा पिऊन निघून गेला. ज्यांच्यासाठी तो आला होता, त्यातली एकही बाई आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्याच गटातल्या एका मावशींकडं गेलो. मालक वारून चार वर्षं झालेली, पदरात दोन मुलं, अजून पगार सुरू नाही. “मावशी, काल का आला नाहीत? पत्रक मिळालं नव्हतं का?” असं विचारलं. मावशी म्हणाल्या, “मिळालं की. पोरानं वाचून दावलं.” “मग? सर्व महिला असं लिहिलं होतं ना त्यात?” त्यावर त्या जे बोलल्या ते आजही आमच्या कानात आहे. “ताई, हळदीकुंकवाच्या कागदावर ‘सर्व’ म्हंजी सवाष्णी. ह्ये गावात बारक्या पोराला बी कळतंय. माझ्यासारखीनं यायचं का न्हाई, त्ये कुठं लिवलं हुतं?”

आम्ही घरी येऊन ते पत्रक पुन्हा काढून पाहिलं. निमंत्रक म्हणून गटाच्या बायांची नावं होती. प्रत्येकीच्या नावापुढं ‘सौ.’ होतं. आमच्या खजिनदारबाई विधवा आहेत. त्यांचं नाव त्या यादीत नव्हतंच. कुणी मुद्दाम गाळलं नव्हतं, ‘सौ.’ लावता येत नाही म्हणून ते आपसूकच गळालं होतं. ‘सर्व’ हा शब्द लिहिणारणीच्या मनातसुद्धा सर्व नव्हत्या.

आमच्यातल्या एकीचं बी.ए. इतिहासात झालंय. तिनं कॉलेजातल्या वह्या काढल्या. आपल्या आधी बायकांना बोलावणारी पत्रकं कुणी काढली होती का, काढली तर त्यात काय लिहिलं होतं, हे आम्ही शोधू लागलो. त्यातून जे हाती आलं ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

पत्रक येण्याआधी गावात दोन वाटांनी बातमी पोचायची. एक दवंडी. हलगी किंवा ढोल वाजवत माणूस चावडीपासून वेशीपर्यंत ओरडत जायचा. दुसरी वाट घरोघर जाऊन अक्षत देण्याची, तोंडी बोलावण्याची. दवंडी सगळ्यांना ऐकू जाते, पण ती एकीशी बोलत नाही. अक्षत एकीशी बोलते, पण ती कुणाच्या दारात जायची आणि कुणाच्या नाही, हे जातीनं आणि रीतीनं आधीच ठरवलेलं असायचं.

मग छापखाना आला. मुंबईत अमेरिकन मिशनच्या लोकांनी १८१७ च्या सुमारास मराठीत धर्मप्रसाराच्या छोट्या पुस्तिका छापायला सुरुवात केली. ते पाहून गणपत कृष्णाजी नावाच्या आपल्या माणसानं स्वतःचा छापखाना उभा केला आणि १८३१ साली छापील मराठी पंचांग काढलं. १८३२ च्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ सुरू झालं. पण लोक छापील कागदाला हात लावायला बिचकत. शाईत जनावराची चरबी असते, विटाळ होईल, अशी त्यांची शंका. तेव्हा गणपत कृष्णाजींनी शाईत चरबीऐवजी तूप घातलं, असं सांगतात. मैत्रिणींनो, इथं थोडं थांबा. त्यांनी लोकांना मागासलेले म्हणून हिणवलं नाही. वाचणाऱ्याच्या मनात कोणती भीती आहे हे ओळखलं आणि कागद हातात जाण्याआधीच तिचं उत्तर तयार ठेवलं. पत्रक लिहिणाऱ्यांनी पहिला धडा इथं घ्यावा.

आता पुण्याला जाऊ. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, हे आपल्याला माहीत आहे. दर ३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो. पण त्या बायकांचं मंडळही चालवत, हे कमी जणींना ठाऊक असतं. महिला सेवा मंडळ असं त्याचं नाव आणि सावित्रीबाई त्याच्या सेक्रेटरी. आपण आज बैठका घेतो, इतिवृत्त लिहितो, त्यातलंच हे काम.

या मंडळानं १८५२ च्या जानेवारीत संक्रांतीचा तिळगूळ समारंभ ठेवला. अध्यक्षस्थानी पुण्याच्या कलेक्टरांच्या पत्नी होत्या. म्हणजे त्यांच्याकडंही मोठ्या पाहुण्या होत्याच! पण त्या निमंत्रणाची आठवण आज काढली जाते ती पाहुणीच्या नावामुळं नाही. त्यात स्पष्ट कळवलं होतं की येणारी बाई कोणत्याही जातीची, कोणत्याही धर्माची असो, सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल आणि भेदभाव न करता सगळ्यांना सारखंच हळदीकुंकू लावून तिळगूळ दिला जाईल.

एकच जाजम. या दोन शब्दांकडं नीट बघा. ‘आमच्याकडं सर्वांना समान वागणूक मिळेल’ असं लिहिलं असतं तर कुणाच्या डोळ्यांपुढं काय आलं असतं? काहीच नाही. समान वागणूक दिसत नाही. जाजम दिसतं. त्या काळात तथाकथित खालच्या जातीच्या बाईला पहिला प्रश्न हाच पडला असणार की, मी गेले तर मला बसवतील कुठं? ओसरीवर, अंगणात की दाराबाहेर? आपल्यालाही हा प्रश्न अगदीच परका नाही. निमंत्रणानं तो प्रश्न तिनं विचारण्याआधीच ओळखला आणि बसायची जागा दाखवून उत्तर दिलं.

आमच्या पत्रकात ‘सर्व’ होतं, पण जाजम नव्हतं. तिथंच आम्ही चुकलो होतो.

दुसरा कागद याहून अवघड होता. तो १८६३ सालचा.

तेव्हाच्या ब्राह्मण समाजात मुलींची लग्नं लहानपणी लागत. नवरा वारला की आठ-दहा वर्षांची पोरसुद्धा विधवा. १८५६ साली विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्यानं मान्यता मिळाली होती, पण कायदा पुस्तकात आणि रूढी घरात. अशा तरुण विधवेला कुणी फसवलं, घरातल्याच कुणी हात टाकला आणि दिवस गेले, तर तिच्यापुढं वाटा काय उरत? जहरी औषध घेऊन गर्भ पाडणं, विहीर जवळ करणं, नाहीतर जन्मलेलं मूल स्वतःच्या हातानं संपवणं.

पुण्यात असंच घडलं. जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण विधवा स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्यानं तिला फसवलं. तिला दिवस गेले. मूल झालं तेव्हा अब्रूच्या भयानं तिनं ते मारलं आणि विहिरीत टाकलं. पोलिसांनी तिला पकडलं, खटला चालला आणि तिला जन्मठेप, काळ्या पाण्याची, अंदमानची शिक्षा झाली. ज्यानं तिच्यावर ही वेळ आणली त्याला काही झालं नाही.

हा खटला संपताच जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्याच घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. पण घर उघडून काय होणार? जिला त्याची गरज होती ती वाड्याच्या चार भिंतींत, कुणाला काही सांगू न शकणारी. तिला कळायचं कसं? दवंडी पिटता येत नव्हती. घरोघर जाऊन विचारणं शक्यच नव्हतं. तेव्हा त्यांनी जाहीर सूचना छापून घेतल्या आणि ब्राह्मण वस्तीत रस्त्यांच्या कोपऱ्यांवरच्या भिंतींना चिकटवल्या. जोतीरावांनी स्वतः १८८४ साली सरकारला लिहिलेल्या निवेदनात हे नोंदवलं आहे.

त्या सूचनेचा आशय असा होता. हाक थेट विधवांना. इथं येऊन गुप्तपणे आणि सुखरूप बाळंत व्हा. मूल बरोबर न्यायचं की इथं ठेवायचं हे तुमच्या खुशीवर. ठेवलंत तर त्याची काळजी हे घर घेईल. बस्स, एवढंच.

आम्ही चौघी-पाचजणी एका दुपारी हा आशय वहीत उतरवून त्यावर बोलत बसलो. त्यातून काय काय निघालं ते सांगतो.

एक. हाक नेमकी आहे. ‘समाजबांधवहो’ नाही, ‘सुज्ञ नागरिकहो’ नाही. विधवांनो. भिंतीवरचा कागद हजारजण वाचणार होते, पण बोलत होता तो फक्त जिला गरज होती तिच्याशी.

दोन. तिची सगळ्यात मोठी भीती उघडं पडण्याची आणि जीव जाण्याची. गुप्तपणे आणि सुखरूप, या दोन शब्दांत दोन्हींचं उत्तर आलं.

तीन. पुढं काय, हा तिचा दुसरा प्रश्न. मुलाचं काय करू? कागदानं तिच्यावर काहीच लादलं नाही. नेणार असशील तर ने, ठेवणार असशील तर ठेव. जिच्या हातात आयुष्यात एकही निर्णय नव्हता, तिला या कागदानं एक निर्णय दिला.

चार. या आशयात काय नाही तेही बघा. ‘पाप’ हा शब्द नाही. उपदेश नाही. बाप कोण, ही विचारणा नाही. आपण किती मोठं समाजकार्य करतो आहोत, याची फुशारकी नाही.

पाच. बोलावलं कुठं? स्वतःच्या राहत्या घरी. ज्या माणसांना शाळा काढली म्हणून घराबाहेर पडावं लागलं, ज्या बाईनं अंगावर शेण-चिखल झेलला, ती माणसं स्वतःच्या घराच्या आवारात बोलावत होती. पत्रकाखाली कुणाचं नाव आणि कुठला पत्ता आहे, यावरच भरवसा ठरतो.

तुमच्या मनात एक शंका आली असेल. तेव्हा बायकांना वाचता कुठं येत होतं? खरं आहे. भिंतीवरचा कागद वाचले पुरुष. पण विचार करा, असा कागद वाचून ते गप्प बसले असतील का? चिडले असतील, शिव्या घातल्या असतील, घरी येऊन जेवताना त्यावर बोलले असतील. आणि वाढणारी कोण होती? माजघरात ऐकणारी कोण होती? आम्हाला असं वाटतं की तो कागद शिव्यांच्या पाठीवर बसून स्वयंपाकघरात पोचला. म्हणून तर तो थोडक्या शब्दांत असणं गरजेचं होतं. दुसऱ्यानं रागानं सांगितला तरी अर्थ बदलू नये, इतका साधा. आजही आपलं पत्रक एकीनं वाचायचं आणि दहाजणींनी ऐकायचं असतं. मुलगा वाचून दाखवतो, आई ऐकते. ऐकताना कळलं नाही तर लिहिलेलं वाया.

तो कागद पोचला का? पोचला. गृह उघडल्यापासून १८८४ पर्यंत पस्तीस गरोदर विधवा तिथं येऊन बाळंत झाल्या, असं जोतीरावांनी लिहिलं आहे. या बायकांची आणि मुलांची देखभाल सावित्रीबाई करत. तिथंच एका विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंताला फुले दांपत्यानं दत्तक घेतलं. पुढं तो डॉक्टर झाला.

पण त्याच निवेदनात पुढं जे आहे ते वाचताना आमचा आवाज बसला. त्या पस्तीस मुलांतली पाचच जगली. तीस गेली. कारण गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच जहरी औषधं घेतली होती आणि त्याची इजा पोटातच झाली होती. म्हणजे बाया त्या घरापर्यंत आल्या, पण सगळे उपाय करून थकल्यावर, शेवटी आल्या. याचा दोष कागदाला देता येणार नाही. लाज आणि धाक इतका होता. पण आपल्यासाठी त्यात एक शिकवण आहे. संकटात सापडलेल्या बाईपर्यंत बातमी नुसती पोचून भागत नाही, ती वेळेत पोचावी लागते. संकट यायच्या आधीपासून तो कागद भिंतीवर दिसत राहावा लागतो. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री चिकटवलेल्या पत्रकानं फक्त आपलं समाधान होतं.

आता पुण्यातून मुंबईला आणि जवळजवळ एकशे दहा वर्षं पुढं येऊ. १९७२ सालचा दुष्काळ आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो. त्या काळात महागाई भडकली, रेशनवर धान्य, तेल, रॉकेल मिळेना. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र आल्या आणि मुंबईत हजारो बायकांचे मोर्चे निघाले. हातात काय? लाटणं. लाटणं मोर्चा म्हणूनच तो ओळखला जातो. कुठं थाळ्याही वाजल्या. भाकरी-पोळीचं साधन घरात आहे, पण लाटायला पीठ नाही, हे सांगायला एकही अक्षर लागलं नाही. ज्या बाईला सही येत नव्हती तिलाही ते कळलं आणि ज्या मंत्र्याला ऐकायचं नव्हतं त्यालाही.

हे यासाठी सांगितलं की पत्रकावर चित्र घालायचं असतं तेव्हा आपण काय घालतो? गुलाबाचं फूल, मोर, नाहीतर पाहुण्यांचे हसरे फोटो. त्यातून कार्यक्रम कशाचा आहे ते कळतच नाही. चित्र आपल्या हातातल्या वस्तूचं असावं. आरोग्य तपासणी असेल तर वजनकाटा, कर्जाची माहिती असेल तर गटाचं पासबुक, पाण्याची सभा असेल तर हंडा. कागद लांबून दिसला तरी न वाचता येणारीनं म्हणावं, “हां, हे पाण्याचं दिसतंय.”

एवढं सगळं वाचल्यावर आम्ही आमच्या पत्रकाकडं परत वळलो. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, अजून दिवस हातात होते. दुसरा कार्यक्रम ठरवला आणि या वेळी दुकानात जाण्याआधी मावशींच्या ओट्यावर बसलो. त्यांनाच विचारलं, “काय लिहिलं असतं तर तुम्ही आला असता?”

पहिला वाद शब्दावर झाला. ‘विधवा’ लिहायचं का? एकीला तो शब्द टोचत होता. दुसरी म्हणाली ‘एकल महिला’ लिहू. मावशी म्हणाल्या, “त्ये सरकारी वाटतंय, मला माझं वाटत न्हाई.” ‘गं.भा.’ तर कुणालाच नको होतं. शेवटी आम्ही आपण घरात जसं बोलतो तसंच लिहिलं. ते पत्रक असं झालं:

‘बायांनो, तिळगूळ घ्यायला या. नवरा असलेली, नवरा वारलेली, नवऱ्यानं टाकलेली, लग्न न झालेली, प्रत्येकीला बोलावणं आहे. सगळ्या एकाच सतरंजीवर बसू. हळदीकुंकू जिला हवं तिला लावू, नको असेल तिला आग्रह नाही. निराधार योजनेचा अर्ज तिथंच भरून मिळेल, पैसे लागत नाहीत. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक आणि मालक वारले असतील तर मृत्यूचा दाखला आणा. एखादा कागद नसला तरी या, कुठून काढायचा ते सांगू. मंगळवारी संध्याकाळी सहा ते आठ, मराठी शाळेचा पहिला वर्ग. लेकरांना सोबत आणा. परत घरापर्यंत सोडायला गटातल्या बाया येतील.’

खाली तिघींची नावं, त्यातलं पहिलं खजिनदारबाईंचं. कुणाच्याच नावापुढं ‘सौ.’ नाही, ‘श्रीमती’ नाही. एक फोन नंबर. पाहुण्यांची नावं नाहीत. वार आणि वेळ सगळ्यात मोठ्या अक्षरात. कागद पांढरा, अक्षर काळं, कारण गुलाबीवर लाल अक्षर संध्याकाळी दिसत नाही, हे आम्हाला गिरणीवाल्या मामांनी सांगितलं. छापण्याआधी सातवीतल्या एका मुलीकडून तीन बायांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मग त्यांनाच विचारलं, “काय कळलं, सांगा.” एक जण म्हणाली, “अर्जाला पैसे किती?” तेव्हा ‘पैसे लागत नाहीत’ हे वाक्य घातलं. कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी पत्रकं लावली. नुसती डेअरीवर नाही; हातपंपापाशी, दवाखान्यात, अंगणवाडीत, कांद्याच्या शेडमध्ये, जिथं बाया दोन मिनिटं थांबतात तिथं.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. एका सासूबाईंनी आमच्यासमोरच पत्रक फाडलं. “कुंकवाच्या कार्यक्रमात हे काय लिहिलंय” म्हणून गावात कुजबुज झाली. तेव्हा आम्ही हेरवाडचं उदाहरण सांगितलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या या गावानं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करायच्या. त्याच महिन्यात शासनानं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. एक ग्रामपंचायत ठराव करू शकते, तर आपण एक सतरंजी टाकू शकतो, एवढंच आमचं म्हणणं होतं.

त्या मंगळवारी नऊजणी आल्या. गावात त्यांची संख्या याहून पुष्कळ जास्त आहे, पण आधी एकही आली नव्हती, त्या नऊ आल्या. चौघींनी कुंकू लावून घेतलं, पाचजणींनी नुसता तिळगूळ घेतला. कुणी कुणाला काही म्हटलं नाही. सहा अर्ज भरून झाले. मावशी आधी दाराशी उभ्या राहिल्या. मग खजिनदारबाई सरकून बसल्या आणि त्यांनी सतरंजीवर हात ठेवून जागा दाखवली. मावशी आत येऊन बसल्या. अर्जासाठी त्यांनी पिशवीतून पासबुक काढलं, तेव्हा त्यात आमचं पत्रक घडी घालून ठेवलेलं दिसलं. आम्ही विचारलं, “हे कशाला आणलं?” तर म्हणाल्या, “कुनी इचारलं, तू कशी आलीस, तर दावायला.”

मैत्रिणींनो, पत्रक याच्यासाठी असतं. दारात उभ्या राहिलेल्या बाईच्या हातात तो पुरावा असतो की मला बोलावलंय.

तेव्हा पुढच्या वेळी पत्रक काढताना ‘मागचंच काढ’ असं म्हणू नका. आधी एक बाई डोळ्यांपुढं आणा, जी आजवर आली नाही ती. तिच्याकडं जाऊन विचारा, तुला कशाची अडचण वाटते? तिचं उत्तर पत्रकात वरच्या ओळीत लिहा. तिला कुठं बसवणार, किती वेळ लागणार, पैसे पडणार का, कागद नसला तर काय, परतताना अंधार झाला तर सोबत कोण, हे तिच्याच बोलीत लिहा. पाहुण्यांची नावं राहिली तर पाहुणे रुसतील, एखाद्या दिवसानं विसरतील. तिचं बोलावणं राहिलं तर तिचा अर्ज राहतो, वर्ष जातं.

आणि छापायला देण्याआधी कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. ऐकणारी जर म्हणाली, “ह्यात मी हाय का?” तर कागद अजून पुरा झालेला नाही, असं समजा.

भेटू पुन्हा. नमस्कार.